शीट वाचणार कोण?

वाद मामा-भाचीतला आहे. मामा कोल्हापुरात बांधकामाची कंत्राटं घेतात. भाची पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि माझी विद्यार्थिनी आहे. माझी काही कामं मामांनी बांधली आहेत, त्यामुळे दोघांची ड्रॉइंगबद्दलची मतं मला आधीपासून ठाऊक होती. समोरासमोर मात्र ती पहिल्यांदाच ऐकली. ट्रेनिंगसाठी ऑफिसांना पाठवायचा म्हणून भाचीने पोर्टफोलिओ तयार केला होता. त्यातला मोठा प्रकल्प कोल्हापुरातल्या भाजी मंडईचा. मामांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पहिल्याच चित्रावर थांबले. पुढचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते. जेवणाचं आणि नातेवाइकांचं तेवढं गाळलं आहे.

मामा : ही बाई कोण?

भाची : कुठली?

मामा : ही. मंडईत काचेचा ग्लास घेऊन उभी आहे. केस सोनेरी. शेजारी कुत्रा, त्याला पट्टा. आपल्या मंडईत कुत्री पुष्कळ आहेत, पट्टेवालं एकही नाही.

भाची : कटआउट आहेत हो ती. स्केल कळावं म्हणून माणसं टाकतात. नेटवर फुकट मिळतात ती अशीच असतात.

मामा : स्केल कळायला भाजीवाली चालली नसती? ती बसून विकते. तिचा हात कुठवर पोचतो, गिऱ्हाईक किती वाकतं, त्यावर तुझ्या ओट्याची उंची ठरायची. तू ग्लासवाली उभी केलीस, म्हणून ओटा कमरेला आला. किती आहे?

भाची : साडेसातशे.

मामा : म्हणजे अडीच फूट. साठीची बाई पाटी घेऊन त्यावर चढणार कशी?

भाची : ...ते बघते. पण मामा, हे चित्र ओट्यासाठी नाही, वातावरण दाखवण्यासाठी आहे. छपरातून ऊन कसं उतरतं, ते बघा.

मामा : तेच बघतोय. ऊन या बाजूनं कसं आलं? बाण तर सांगतो की ही उत्तर.

भाची : येतं! कोल्हापूर कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला झुकलेला असतो. अक्षांश टाकून, 21 जून तारीख लावून काढलंय मी.

मामा : जूनमध्ये कोल्हापुरात ऊन पाहिलंस कधी?

सगळे हसले, आणि हसण्यात भाचीचा मुद्दा वाहून गेला. तो वाहून जायला नको होता. बहुतेक विद्यार्थी सूर्य चित्राला शोभेल तिथे ठेवतात. हिने निदान तपासून ठेवला होता. पण मामांना आता पावसाची आठवण झाली होती आणि ते सोडणार नव्हते.

मामा : एवढं मोठं छप्पर आहे, त्याचं पाणी जातं कुठं? पन्हळ नाही, पाइप नाही.

भाची : रेंडरमध्ये पाइप दाखवत नाही कोणी.

मामा : मग कशात दाखवतात?

भाची : सेक्शनमध्ये.

मामा : काढ सेक्शन.

सेक्शन निघाला. सुंदर होता, नाही म्हणता येणार नाही. फिकट गुलाबी आकाश, पक्ष्यांचा थवा, राखाडी झाडं. जमीन, स्लॅब, मागची भिंत आणि झाडाची फांदी सगळं एकाच बारीक रेषेत. छपराच्या दोन उतारांमध्ये जिथे पाणी साठणार, नेमकं तिथे एक पक्षी बसवला होता.

मामा : यात कापलंय काय आणि पलीकडचं काय?

भाची : कापलेलं जाड काढायचं असतं, माहीत आहे मला. पहिल्या वर्षाला शिकवतात. पण सध्या असंच चालतं. काळ्या जाड रेषांची शीट जुनाट दिसते.

मामा : कुणाला?

हा प्रश्न मामांनी सहज विचारला असेल, पण सगळा वाद त्यातच आहे. आमच्या कॉलेजांत शीटला एकच वाचक असतो, तो म्हणजे ज्युरी. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पिन-अप, समोर तीन-चार परीक्षक, बोलायला जेमतेम दहा मिनिटं. मुलं या वाचकाला बरोबर ओळखतात आणि पाच वर्षं त्याच्यासाठीच लिहितात. पण बाहेर गेल्यावर हा वाचक पुन्हा भेटत नाही. तिथे असतात घरमालक, महापालिकेचा इंजिनिअर, आरसीसी कन्सल्टंट, सुतार आणि गवंडी. प्रत्येकाला वेगळं काही हवं असतं आणि प्रत्येकजण ड्रॉइंग हातात घेऊन वेगळं काम करणार असतो. भाचीचं म्हणणं मात्र वेगळं होतं, आणि ते हलकं नव्हतं.

भाची : तुम्हाला ज्युरी म्हणजे शोभेचा कार्यक्रम वाटतो. भिंतीवर आठ शीट असतात आणि परीक्षक पाच-सहा फुटांवर उभे असतात. तेवढ्यावरून एक गोष्ट तरी कळायलाच हवी, की ही मंडई आहे आणि ती अशी आहे. मग माणूस पुढे येतो, हातभर अंतरावरून वाचतो, तेव्हा दुसरा थर कळायला हवा. काय मोठं, काय लहान, कुठे रिकामं सोडायचं, हे ठरवताना मलाच कळतं की माझ्या डिझाइनमध्ये मुख्य काय आहे. हे कुणी शिकवलं नसतं, तर मी सगळंच सारखं दाखवलं असतं. तुमच्या एस्टिमेटसारखं.

मामा : माझ्या एस्टिमेटला काय झालं?

भाची : चौदा पानं, एकाच टायपात. घरमालक शेवटच्या पानावरचा आकडा बघतो आणि दचकतो.

(मामा यावर काही बोलले नाहीत. ते एस्टिमेट मीही पाहिलं आहे.)

भाची : आणि घरमालकाचंच सांगते. तुम्ही त्याला प्लॅन दाखवता, तो मान डोलावतो, सही करतो. त्याला प्लॅन कळलेला असतो का?

मामा : नसतो.

भाची : मग भिंती उठल्यावर काय म्हणतो?

मामा : खोली एवढीच का, खिडकी इकडं का नाही, हा बीम मधेच कुठून आला. मागं एकाचं स्वयंपाकघर दोनदा पाडलं. तरी त्याच्याही आधी, लाइन आउटला येतो ना, तेव्हा तर रडायच्या बेतात असतो. जमिनीवर फक्कीनं आखलेली खोली नेहमी लहान दिसते. भिंती उठल्या की तीच मोठी वाटते. हे सांगून पटत नाही.

भाची : चित्रानं पटतं. त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून काढलेल्या चित्रानं. तुमचा पाडकामाचा खर्च माझ्या रेंडरपेक्षा कमी होता का?

मामा : नव्हता.

भाची : आणि चित्र दुसऱ्याला दाखवायच्या आधी मला दाखवतं. या मंडईचे खांब मी प्लॅनवर सहा मीटरच्या ग्रिडवर ठेवले होते. प्लॅन चोख होता. मग दीड मीटर उंचीवरून फाटकातला व्ह्यू घेतला तर समोर खांबच. आत येणाऱ्याला मंडई दिसायच्या आधी खांब दिसत होता. अख्खी ग्रिड अर्ध्या बेने सरकवली.

मामा : हे मला प्लॅनवरून नसतं कळलं. सेंटरिंग ठोकल्यावर कळलं असतं.

इथे वाद मिटल्यासारखा वाटला, पण मामा सहज हार मानणाऱ्यांतले नाहीत.

मामा : चित्र काढू नको असं मी कुठं म्हणतो? पण चित्रात लपवता येतं. पाइप लपवलास, गच्चीवरची टाकी लपवलीस. सेक्शनमध्ये लपवायला जागा नसते. स्लॅब काढली की जाडी ठरवावी लागते. छप्पर काढलं की उतार ठरवावा लागतो.

भाची : तुम्ही चित्र म्हणजे थापच समजता. सिडनीचं ऑपेरा हाऊस घ्या. 1957 साली स्पर्धेचा निकाल लागला. उट्झन नावाच्या डॅनिश आर्किटेक्टनं पाठवलेली ड्रॉइंगं इतकी त्रोटक होती की परीक्षकांनीही तसं नमूद केलं. तरी त्यालाच पहिला नंबर दिला. पाण्यात घुसलेला जमिनीचा तुकडा आणि त्यावर ती पांढरी कवचं. ते चित्र बघून एका शहरानं ठरवलं की आम्हाला हेच हवं. त्या दिवशी तुम्ही परीक्षक असता आणि पन्हळ कुठंय म्हणाला असता, तर ती इमारत झालीच नसती.

मामा : खर्च किती आला?

भाची : ...अंदाज होता सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. संपलं दहा कोटी वीस लाखांवर.

मामा : आँ?

भाची : पैसे बहुतेक लॉटरीतून उभे केले. उद्घाटन 1973 ला झालं, ठरल्यापेक्षा दहा वर्षं उशिरा.

मामा : तो उट्झन होता उद्घाटनाला?

भाची : नव्हता. 1966 मध्येच भांडून काम सोडलं त्यानं. बांधून झालेली इमारत त्यानं कधीच पाहिली नाही.

मामा : मग झालं तर!

भाची : पूर्ण ऐका. स्पर्धेच्या चित्रात कवचांना भूमितीच नव्हती. हातानं काढलेले बाक होते. प्रत्येक कवच वेगळं, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सेंटरिंग. ऑव्ह अरुपच्या ऑफिसातले इंजिनिअर काही वर्षं आकडेमोड करत होते. मग 1961 मध्ये उत्तर मिळालं. सगळी कवचं एकाच गोलाचे तुकडे धरायची. गोलाची त्रिज्या साधारण 75 मीटर. लाकडाच्या गोलाचं मॉडेल करून त्यातून कवचं कापून दाखवली.

मामा : म्हणजे बाक सगळीकडं एकच.

भाची : एकच. म्हणून बरगड्या जमिनीवर ओतता आल्या, त्याच त्याच साच्यांमध्ये, आणि मग वर चढवून जोडल्या.

मामा : हां! हे चित्र मला दाखव. ते पहिलं नको.

मामांचं हे वाक्य मी वर्गात सांगायला घेणार आहे. पहिलं चित्र परीक्षकांसाठी होतं आणि त्यानं आपलं काम केलं. गोलाचं मॉडेल ओतकाम करणाऱ्यांसाठी होतं. पहिल्यानं हौस पेटवली, दुसऱ्यानं साचा दिला. पहिल्या चित्रालाच बांधकामाचं ड्रॉइंग समजून काम सुरू झालं, आणि सिडनीच्या बऱ्याचशा खर्चाचं आणि उशिराचं मूळ तिथे आहे. आमच्या अभ्यासक्रमातही हीच चूक थोड्या स्वस्तात होत असते.

मग मामांनी एक जुनी तक्रार काढली. कुठल्याशा ऑफिसातून आलेल्या ए-वन शीटवर 1:100 लिहिलेलं होतं. साइटवर तिची ए-थ्री झेरॉक्स गेली. ए-वनची ए-थ्री केली की लांबी-रुंदी निम्मी होते, म्हणजे स्केल झालं 1:200, कागदावर मात्र 1:100 तसंच. एक माप लिहायचं राहिलं होतं, मिस्त्रीनं पट्टी लावली, आणि दरवाजा भलतीकडे सरकला.

भाची : ड्रॉइंगवर पट्टी लावायची नसते, लिहिलेलंच माप धरायचं. तशी टीप असते प्रत्येक शीटवर.

मामा : इंग्रजीत, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. ती वाचायला मिस्त्रीला फुरसत आहे? त्याला माप लिहिलेलं हवं, आणि ते फुटात. तू 230 लिहितेस, तो नऊ इंच म्हणतो. तू 3 मिलिमीटर म्हणतेस, तो एक सूत म्हणतो.

भाची : मग टीप मोठी करू. आणि आकड्यातल्या स्केलच्या जोडीला स्केलची पट्टीही काढू. शीट लहान झाली की पट्टीही तेवढीच लहान होते, म्हणजे ती खोटं बोलू शकत नाही.

मामा : हे असतं काय? मग काढत का नाहीत सगळे?

भाची : पोर्टफोलिओत काढतात. शोभा म्हणून.

मामा : आणि हे फिकं राखाडी टाइप? माझ्याकडं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर येतं. उन्हात मोबाइल धरून बघतो मी. तुझी ही शीट उन्हात कोरी दिसेल. झेरॉक्स काढली तर उलटं, राखाडी भरलेलं सगळं काळं होईल.

यावर भाचीनं लॅपटॉपचा उजेड कमी केला, शीट लहान केली आणि स्वतःच बघितली. तिला काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही. मला बोलायची संधी मिळाली म्हणून मी महापालिकेच्या सबमिशन ड्रॉइंगची आठवण करून दिली. प्रस्तावित काम लाल, पाडायचं ते पिवळं. कुणाला आवडो न आवडो, राज्यभर नियमानं रंग ठरलेले. ते ड्रॉइंग कुणी पोर्टफोलिओत घालत नाही, पण टेबलापलीकडचा माणूस ते एका नजरेत वाचतो.

भाची : मॅडम, तसं बघितलं तर माझ्याकडे एक आहे. हा मंडईभोवतीचा नकाशा.

हे पान मला पोर्टफोलिओतलं सर्वांत चांगलं वाटलं. 1748 साली जाम्बातिस्ता नोल्ली यांनी रोमचा नकाशा छापला. त्यात घरं काळी आणि रस्ते-चौक पांढरे. पण देवळांचे, चर्चचे अंतर्भाग, जिथे कुणीही आत जाऊ शकतो, तेही त्यांनी पांढरे ठेवले. पॅन्थिऑनचा घुमटाखालचा गोल समोरच्या चौकाइतकाच मोकळा दिसतो. भाचीनं तीच रीत कोल्हापुरात लावली होती. देवळाचं आवार, तालमीचा ओटा, दुकानापुढची पडवी, बोळ सगळं पांढरं. मामा बराच वेळ बघत राहिले.

मामा : हा बोळ उघडा दाखवलास, पण पहाटे पाचला इथं टेम्पो उभे असतात. त्या वेळी हा बंद.

भाची : म्हणजे एक नकाशा पहाटेचा आणि एक दहाचा काढायला हवा.

मामा : काढ की. मंडईला गाड्या कुठनं येणार ते त्यातच कळेल.

सगळ्या दुपारभरात मामांनी तिच्या एखाद्या ड्रॉइंगमध्ये स्वतःची भर घालावी, असं एवढं एकदाच झालं. त्या पानावर ना आकाश होतं ना पक्षी, पण मामांना त्यात काय घालायचं ते दिसत होतं. विद्यार्थ्यांना मी हे वारंवार सांगते : समोरचा गप्प बसून वा म्हणतो, त्यापेक्षा पेन्सिल मागतो तेव्हा ड्रॉइंग चांगलं झालं असं समजा. लॉरी बेकर केरळमध्ये असंच काम करत. कमी खर्चात घर कसं बांधायचं यावरच्या त्यांच्या पुस्तिकांत उधळपट्टीची रीत आणि शेजारी काटकसरीची रीत, अशी साधी, थोडी गमतीदार रेखाटनं आहेत. रॅट ट्रॅप बाँड, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची पद्धत, ज्याला शब्दांत समजणार नाही त्याला त्या रेखाटनांतून समजते.

मामांनीही पेन्सिल मागितलीच. भाचीचा जिना बघून ते अस्वस्थ झाले होते. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी सेक्शन काढला. रेषा वाकडी, पण काहीही राहिलेलं नव्हतं.

मामा : तू स्लॅबच्या वरच्या पातळीपासून वरच्या स्लॅबपर्यंत सारखे भाग केलेस. दीडशेच्या पायऱ्या. बरोबर? आता खाली फरशी बसणार. मसाला धरून पन्नास. पायरीवर दगड, तीस धर. पहिली पायरी राहिली किती?

भाची : एकशे तीस. आणि वरची... वरच्या मजल्यावरही पन्नास. एकशे सत्तर!

मामा : रोज संध्याकाळी शेवटच्या पायरीला कोणीतरी ठेचकाळणार. हे तुझ्या कुठल्या चित्रात दिसलं असतं?

भाची : फरशीची रेघ काढली असती तर सेक्शनमध्ये दिसलं असतं.

मामा : मग ती रेघ काढ. पक्षी राहू देत.

शेवटी एआयचा विषय निघाला. चार ओळी लिहिल्या की मंडईची झकास चित्रं मिनिटात तयार होतात, असं भाचीनं सांगितलं आणि एक दाखवलंही. मामांनी बोट ठेवलं, त्यातला जिना सरळ भिंतीत जात होता. भाची म्हणाली, असली चित्रं सुरुवातीला कल्पना चाळायला बरी. मामा म्हणाले, बांधायला मजूर आले की मला बोलव. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं.

माझा कौल विचाराल तर मी अर्धाअर्धा देणार नाही. चित्राची ताकद भाचीला कळली आहे, ती तिच्याकडून काढून घेऊ नये. पण तिला जे शिकवलं गेलं नाही ते मामांना येतं, आणि त्याची जबाबदारी आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची आहे. फ्रान्सिस चिंग यांचं 1975 सालचं आर्किटेक्चरल ग्राफिक्स हे हातानं काढलेलं पुस्तक अजूनही पहिल्या वर्षात फिरतं. रेषेची जाडी, सावली, अक्षर सगळं त्यात आहे. फक्त ड्रॉइंग कुणाच्या हातात जाणार, हे कुठलंच पुस्तक सांगू शकत नाही. ते माणसं दाखवूनच शिकवावं लागतं.

तेव्हा सहकारी शिक्षकांना एक विनंती. पुढच्या सत्रात प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात, विद्यार्थ्याच्या नावाखाली, ती कोण वाचणार ते लिहून घ्या : घरमालक, मिस्त्री, महापालिका की ज्युरी. निदान एका शीटची ए-थ्री काळी-पांढरी झेरॉक्स काढून तीच तपासा. आणि ज्युरीला एक मिस्त्री बोलवा, विद्यार्थ्यानं काही न बोलता त्याच्या हातात सेक्शन द्यायचा आणि त्यानं तो वाचून दाखवायचा. त्याची त्या दिवसाची हजेरी बुडेल, ती कॉलेजनं भरून द्यावी.